घरातले लाकूड : थोडी ओळख, थोडी डागडुजी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना ज्या वस्तू दाखवल्या त्यांचे उल्लेख तसेच ठेवले आहेत.)



आरोग्य, आहार, मुलांचा अभ्यास, काटकसर असे विषय आपण वर्धापनदिनाला दरवर्षी ऐकतो. या वर्षी चिटणीसबाईंनी मला बोलण्याचा आग्रह केला. मी विषय सांगितला, तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. “सुतारकाम? आणि बायकांपुढे?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, पोळपाट-लाटणे कोणाच्या हातात असते? पलंगाखालचा केर कोण काढते? लाकडाला कीड लागली तर तो भुसा पहिल्यांदा कोणाच्या केरसुणीला लागतो? मग त्या हसल्या आणि मला ही अर्ध्या तासाची परवानगी मिळाली.

मी सुताराची मुलगी. नीरेकाठच्या एका लहान गावात माझे वडील बलुत्यावर काम करीत. नांगर, कुळव, तिफण, गाडीची चाके, दाराच्या चौकटी, पाळणे आणि गरज पडली तर तिरडीचे बांबूसुद्धा तेच तासून देत. मोठे ओंडके कापायची करवत दोन माणसांची असते. तिचे एक टोक वडिलांच्या हातात आणि दुसरे आईच्या हातात असे. गावात सुतार मात्र एकच मोजला जाई. मला पटाशी-रंध्याला हात लावायची मनाई होती. भाऊ पुण्यास नोकरीला गेला, वडील वारले, आणि हत्यारांची पेटी कोणालाच नको म्हणून माझ्याकडे आली. ती अकरा वर्षे माळ्यावर पडून होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती खाली काढली. तेव्हा माझे वय साठाच्या जवळ आले होते. म्हणून आज जे सांगणार आहे ते उस्तादाचे बोल नव्हेत. उशिरा शिकलेल्या बाईचा हा अनुभव आहे.

आता एक लाजिरवाणी गोष्ट आधीच सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न झाले. संसारसेटमध्ये पलंग घ्यायचा होता. बहीण म्हणाली, “आक्का, तुला लाकडातले कळते, तू चल.” आम्ही एका दुकानात गेलो. पलंग छान चकचकीत होता, डोक्याकडे कोरीव मोर होता. “शंभर टक्के सागवान” असे दुकानदाराने सांगितले. बहिणीने भिशीचे पैसे मोडून बत्तीस हजार रुपये मोजले. मी मोरावरून हात फिरवला आणि मान हलवली. पलंग उलटा करून पाहा, असे मी म्हटले नाही. गर्दी होती, संकोच वाटला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मुलीचा फोन आला की पलंगाखाली रोज सकाळी ज्वारीच्या पिठासारखी भुकटी पडते. आम्ही दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, “कीड तुमच्याच घरातली.” सासरच्यांनी उघड कोणी बोलले नाही, पण माहेरचा पलंग किडका निघाला हे त्या मुलीला रोज झाडताना दिसत होते. हे माझ्या मान हलवण्यामुळे झाले. म्हणून तुमच्यापैकी कोणाची भिशी अशी जाऊ नये एवढ्यासाठी मी उभी आहे.

तो पलंग शेवटी मी उलटा केला. आतले पाय आणि आडव्या पट्ट्या पांढरट लाकडाच्या होत्या आणि त्यांवर सागाच्या रंगाचा हात मारलेला होता. झाडाच्या बुंध्यात दोन प्रकारचे लाकूड असते. मधला गडद गाभा आणि सालीलगतचा फिकट थर. सागाला वाळवी लागत नाही असे आपण म्हणतो ते गाभ्यापुरतेच खरे आहे. गाभ्यात झाडाने साठवलेली तेलकट, कडू द्रव्ये असतात, ती किडीला मानवत नाहीत. फिकट थरात झाडाचे अन्न, म्हणजे पिठूळ सत्त्व असते, आणि भुकटी पाडणारा किडा तेच खायला येतो. झाड कोवळे असेल तर गाभा थोडा आणि फिकट थर फार. हल्ली लागवडीतला कोवळा साग बाजारात पुष्कळ येतो. साग खराच असतो, पण टिकाऊ भाग त्यात थोडा असतो. चांगला पिकलेला साग म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून साग गेला हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. पण ‘बल्लारशा’ हे नाव वखारीत कोणत्याही फळीला लागते, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा वस्तू घेताना संकोच बाजूला ठेवा आणि ती उलटी करा. जिथे पॉलिश पोचलेले नसते तिथे खरे लाकूड दिसते. ओल्या फडक्याने घासा, रंग सुटतो का पाहा. फळीचे टोक पाहा, कारण टोकाला रंगवाल्याचे कसब चालत नाही. बारीक टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतील तर वस्तू तिथेच ठेवा. सागाला कातड्यासारखा एक वास असतो आणि ताज्या घासलेल्या सागाला हात तेलकट लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पावतीवर नुसते ‘पलंग १ नग’ लिहून घेऊ नका. कोणते लाकूड, पाय कशाचे, पट्ट्या कशाच्या, वरची फळी प्लायवुड की भरीव, हे लिहून घ्या. लिहायला जो कां-कूं करतो त्याच्याबद्दल मी अधिक बोलत नाही.

आता लाकडाच्या स्वभावाकडे येऊ. आपल्यापैकी ज्या खेड्यात वाढल्या त्यांनी चैत्र-वैशाखात बैलगाडीची चाके नदीत किंवा विहिरीच्या डोणीत भिजत घातलेली पाहिली असतील. रबरी टायरच्या डनलॉप गाड्या आल्या आणि ते दृश्य गेले. चाकाचा तुंबा, आरे, पुठे सगळे बाभळीचे असत आणि त्यावर लोखंडी धाव असे. धाव गोवऱ्यांच्या आरात लाल करून चढवत आणि लगेच पाणी मारत. ती आकसली की चाक आवळून बसे. पण उन्हाळ्यात लाकूडच आकसे, धाव सैल पडे, आरे खुळखुळत. पाण्यात ठेवले की लाकूड फुगे आणि चाक पुन्हा घट्ट होई. सुतारकामाचे अर्धे शास्त्र या एका चाकात आहे. लाकूड मेले तरी हवेतले पाणी पीत राहते आणि सोडत राहते.

मात्र ते सगळीकडून सारखे आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत पुष्कळ. ओला साग पूर्ण वाळताना एका आडव्या दिशेत शेकडा अडीच आणि दुसऱ्या आडव्या दिशेत शेकडा पावणेसहाच्या आसपास आकसतो. बाकीची बरीच लाकडे याहून जास्त. म्हणून ओल्या लाकडाची वस्तू घरात येऊन वाकते, तडकते, दार चौकटीत अडकते नाहीतर फट दाखवते. आणि आपले अकलूज म्हणजे वैशाखात भट्टी. पारा चाळिसाच्या वर आणि हवा कोरडी. माझ्या शेजारच्या वहिनींनी कोकणातून एक सुंदर देव्हारा आणला. तिकडच्या दमट हवेत तो अगदी चपखल होता. इथे पहिल्याच उन्हाळ्यात पाठीमागची फळी वरपासून खालपर्यंत फाटली. वहिनींना अपशकुन वाटला. अपशकुन कसला! कारागिराने फळी चारी बाजूंनी सरसाने चिकटवली होती, तिला आकसायला जागाच ठेवली नव्हती. जुन्या दारांत मधली फळी नुसती खाचेत सरकवलेली असते, चिकटवत नाहीत, ती याच कारणासाठी. मी ती फळी सोडवली, फटीत त्याच लाकडाची पातळ चीप बसवली आणि या वेळी खाचेत मोकळी ठेवली. दोन उन्हाळे झाले, देव जागच्या जागी आहेत.

लाकूड आपणच घेऊन सुताराकडून वस्तू करवायची असेल तर फळ्या आधी वाळू द्या. एक इंच जाडीला साधारण वर्ष हा जुना हिशेब आहे. आपल्या कोरड्या हवेत त्याहून लवकर भागते. फळ्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात. भर उन्हात ठेवल्या की टोके फाटतात. टोकांना रंग किंवा मेण फासले तर तेही टळते.

कोणते लाकूड कशाला, याविषयी थोडेसे. बाभूळ आपल्या माळावरची, जड आणि चिवट. धक्का सोसणाऱ्या कामाला तिच्यासारखी नाही, पण तासायला हट्टी. कडुनिंबाला कीड कमी लागते. धान्याच्या पेट्या त्याच्या करीत. चिंचेचे ओंडके खाटकाच्या ठोकळ्याला लागतात यावरून तिची ताकद समजावी. आंबा स्वस्त आणि कामाला सोपा, पण किडीचा लाडका. तो घ्यायचाच तर औषध मारूनच. जड तेवढे चांगले आणि हलके ते वाईट असे मात्र समजू नका. सावंतवाडीची खेळणी मऊ, हलक्या पांगाऱ्याची होत आली. मिरजेच्या तंबोऱ्याला तुणीचे लाकूड लागते आणि त्याचा भोपळा जातो आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे कौतुक सगळे करतात, त्या कडू भोपळ्याचे कोणी करीत नाही! प्लायवुडबद्दल एवढेच सांगते की ओट्याखाली किंवा न्हाणीजवळ साधे प्लाय घालू नये. ‘७१०’ हा आयएस क्रमांक छापलेले, मरीन म्हणतात ते घ्यावे. दाबलेल्या भुश्याच्या पाट्या पाण्याने पापडासारख्या फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत.

पलंगाच्या किडीचे काय केले ते विचाराल. वैशाखात पाय आणि पट्ट्या सुट्या केल्या, रंग खरवडून काढला, गच्चीवर काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रोज दुपारभर तापवल्या, असे आठवडाभर केले. आतला किडा उष्णतेने मरतो. नंतर टाकणखार आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून उघड्या लाकडाला दोन हात दिले. हे द्रावण पॉलिशवरून आत जात नाही, म्हणून खरवडणे चुकत नाही. रॉकेल पिचकारीने सोडतात, पण त्याचा गुण थोडा आणि आगीची भीती मोठी. फार पोखरलेले दोन पाय मात्र बदलावेच लागले. भुकटी पडते ती या किड्याची. वाळवी भुकटी पाडत नाही, ती भिंतीवरून मातीची नळी बांधत येते. वाळवीचा उपाय पलंगाला करून भागत नाही, तो जमिनीला आणि भिंतीला करावा लागतो.

आता खुर्ची. ही समोरची खुर्ची मंडळाचीच आहे, आणि हिच्यावर बसायला कोणी तयार नसते. हिच्या पायात कोणीतरी तीन खिळे ठोकले आहेत. भगिनींनो, हलत्या खुर्चीला खिळा ठोकू नये. खिळा सांधा धरीत नाही, लाकूड मात्र चिरतो. खुर्चीचा सांधा म्हणजे एका लाकडाला काढलेली जीभ, तिला सुतार कुसू म्हणतात, आणि दुसऱ्यात पाडलेली खाच. बहुधा दोघांतला सरस मेलेला असतो, एवढेच.

प्रथम खिळे काढा. मग फडके मध्ये धरून लाकडी मोगरीने हलके ठोकत सांधा वेगळा करा. जुना सरस पूर्ण खरवडा. या पायरीला कंटाळा केला तर पुढचे सगळे फुकट, कारण नवा सरस लाकडात मुरतो, जुन्या वाळलेल्या सरसावर तो धरत नाही. कुसू सैल झाला असेल तर रंध्याचा पातळ छिलका सरस लावून त्याला गुंडाळा. आधी कोरडेच जोडून पाहा. मग दोन्ही बाजूंना पातळ सरस लावून बसवा. पुढे शिकंजा हवा, तो घरात नसतो. पण सुताराच्या घरी नसे तेव्हा वडील दोरी वापरत. पायांभोवती सुती दोरीचे दोन वेढे घ्यायचे, मधे काठी घालून पीळ द्यायचा आणि काठी पट्टीला अडकवून ठेवायची. उसाच्या गाडीला दोर आवळतात तसे. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसा. दोन कर्णांना सुतळी लावून माप सारखे आहे का पाहा, खुर्ची सपाट फरशीवर ठेवा आणि चोवीस तास तिच्याकडे फिरकू नका. घरात मुले असतील तर तिच्यावर पाटी लावा.

सरस कोणता? वडिलांचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. त्याच्या वड्या रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून पातळ करीत. उकळला की त्याची ताकद जाते, आणि वास असा की आई चूल बाहेर मांडायला लावी. दमट हवेत तो सुटतो, हा त्याचा दोष. गरम पाण्याने सांधा पुन्हा उघडता येतो, हा गुण. १९५९ साली फेविकॉल निघाले आणि हळूहळू ती चूल विझली. पांढरा सरस सोयीचा खरा, पण त्याला तीन गोष्टी लागतात. उघडे लाकूड, चपखल सांधा आणि दाब. फट तो भरत नाही. साधा पांढरा सरस पाण्याच्या जागी चालत नाही, त्यासाठी पाणी सोसणारा वेगळा मिळतो. फट मोठी असेल किंवा लाकडाला धातू जोडायचा असेल तर दोन नळ्या मिसळून करायचा अ‍ॅराल्डाइटसारखा सरस बरा.

पॉलिशचे आता थोडक्यात सांगते. बैठकीतल्या वस्तूला फ्रेंच पॉलिश शोभते. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे दीडशे ग्रॅम चपडा लाख रात्रभर ठेवायची, गाळायची, सुती कापडात कापूस घालून केलेल्या गोळ्याने पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिशपेपर. लाख पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची. ही चमक सुरेख, पण गरम कपाचे पांढरे वर्तुळ तिच्यावर उठते. फडक्याला स्पिरिटचा अगदी थोडा ओलावा देऊन झटपट फिरवले तर ते बहुतेक जाते. स्पिरिट विषारी आणि पेट घेणारे. गॅसच्या ओट्याजवळ बाटली उघडू नका.

पोळपाट, लाटणे, काठवट, रवी यांना मात्र पॉलिश मुळीच नको. तिथे तेल. पण शेंगदाण्याचे तेल लावतात ते चुकते, ते वाळत नाही, चिकट राहते आणि खवट होते. वाळणारे तेल जवसाचे आणि त्याखालोखाल आपल्या सोलापूरच्या करडईचे. घाण्यावरचे कच्चे तेल पातळ चोळावे, अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढावे, आठवडाभर हवेशीर ठेवावे आणि असे तीन वेळा करावे. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉईल’ म्हणून जवसाचे तेल मिळते, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची द्रव्ये घातलेली असतात. ते दाराला लावा, पोळपाटाला नव्हे. आणि जवसाचे तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता धरते आणि असा बोळा काडी न लावता आपोआप पेट घेतो. फडकी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. काठवट पाण्यात भिजत ठेवणे आणि मग उन्हात वाळवणे, ही तिला तडकवण्याची हमखास रीत आहे, हे चाकावरून तुमच्या ध्यानात आलेच असेल.

हत्यारे घरात किती असावीत? बारीक दातांची लहान करवत, अर्ध्या इंचाची एक पटाशी, हातोडी, पेचकस, कानस, गुण्या आणि ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस नंबरचे पॉलिशपेपर. एवढ्यावर पुष्कळ होते. पटाशी स्वस्तातली दोन घेण्यापेक्षा चांगली एकच घ्या आणि धार लावायचा दगड घ्या. बोथट पटाशीच हात कापते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे. मी हे विसरले त्याची खूण या डाव्या अंगठ्यावर आहे. टाके पडले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “या वयात कशाला, बाई?” मी म्हटले, त्या वयात लावू दिला नाही म्हणून.

आईची एक आठवण सांगायची राहिली. ती गेली त्याच्या वर्षभर आधी मी पेटी उघडली होती. मी रंधा मारत होते, तो अडखळत होता, लाकूड फाटत होते. ती खाटेवर पडून आवाज ऐकत होती. म्हणाली, “उलट्या रेषेनं मारतीयास. फळी फिरव.” मी फिरवली आणि रंधा रेशमासारखा गेला. तिने आयुष्यात रंधा हातात धरला नव्हता. चाळीस वर्षे नुसती करवत ओढली होती.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी पेटी घेऊन इथे मंडळात येणार आहे. आधी ही खुर्ची सोडवू. ज्यांच्या घरी खुर्ची, पाट, स्टूल हलत असेल त्यांनी ते आणावे. सरस माझा. दोरी आणि जुने सुती फडके प्रत्येकीने आपले आणावे, आणि खिळे कृपा करून कोणी आणू नयेत.